ऋण नाही, प्रवास नाही आणि ताटात पालेभाजी



आजचं वाचन महाभारताच्या वनपर्वातलं आहे, यक्षप्रश्नांचं. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. वनवासाची बारा वर्षं संपत आलेली असतात. पाणी आणायला गेलेले चौघे भाऊ तळ्याकाठी निपचित पडलेले असतात आणि युधिष्ठिर एकटा यक्षासमोर उभा असतो. यक्ष प्रश्नांवर प्रश्न टाकतो. शेवटी शेवटी तो विचारतो, या जगात आनंदात कोण असतो?

युधिष्ठिराचं उत्तर मी आज तीनदा वाचलं. तो म्हणतो, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही, ज्याला घर सोडून प्रवासात राहावं लागत नाही आणि जो दिवस कलल्यावर का होईना, आपल्या घरी साधी पालेभाजी शिजवून खातो, तो आनंदात असतो. काही जण याचा अर्थ ‘पाचव्या-सहाव्या दिवशी’ भाजी मिळाली तरी, असाही लावतात. म्हणजे पोट रोज भरेल याचीही खात्री नाही, तरीही तो माणूस सुखी! या उत्तरात राज्य नाही, सोनं नाही. गंमत म्हणजे मोक्षसुद्धा नाही.

आता हे कोण बोलतंय ते बघा. ज्याने द्यूतात राज्य, भाऊ, स्वतःला आणि शेवटी द्रौपदीलाही पणाला लावलं, तो बोलतोय. बारा वर्षं ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर नाही, तो ‘आपलं घर’ म्हणतोय. या उत्तरामागे बारा वर्षांची किंमत आहे. म्हणून ते मनाला लागतं.

‘अनृणी’ आणि ‘अप्रवासी’ हे दोन शब्द त्याने शेजारी-शेजारी का ठेवले असतील? मला याचं उत्तर दासबोधात सापडलं. तिसऱ्या दशकात समर्थांनी एका संसारी माणसाची गोष्ट सांगितली आहे. मुलं वाढतात, लक्ष्मी निघून जाते, लग्नकार्यासाठी आणि लोकांत मान राहावा म्हणून तो कर्ज काढतो. मग देणेकऱ्यांचा असा वेढा पडतो की तो परागंदा होऊन परमुलखात जातो. पुढच्या समासात तो कमाई करून परत येतो, तेव्हा मुलांना वाटतं, बाबा आले, आता आपल्याला अंगडी-टोपडी मिळणार. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे चित्र आहे, पण मला त्यात आमच्याच सोसायटीतली चार-पाच घरं दिसली. कर्ज आधी घरात शिरतं आणि मग घरातल्या माणसाला बाहेर काढतं. ऋण आणि प्रवास असे एकमेकांचा हात धरून येतात.

आपल्या पिढीचं वेगळं एवढंच, की आपण घरात बसूनही प्रवासात असतो.

आमच्या घरातलं सांगते. धाकटा सातव्या महिन्यात जन्मला. सतरा दिवस काचेच्या पेटीत होता. विम्याची मर्यादा संपली तिथे विमा थांबला आणि पुढचं बिल दोन क्रेडिट कार्डांवर गेलं, २,८०,००० रुपये. तो आज गुटगुटीत आहे, पांडुरंगाची कृपा. पण त्यानंतरचे काही महिने नवरा शनिवार-रविवारी जादा काम घेत होता आणि मी रात्री मुलं झोपली की बाहेरची कामं करत होते. चार वर्षांची लेक भातुकली खेळायची. तिच्या खेळातली आई सारखी म्हणायची, “एक मिनिट हं, मेल आलाय.” तिने नुसतं जे पाहिलं तेच खेळात आणलं होतं. तेव्हापासून ‘अप्रवासी’ हा शब्द माझ्या मनात बसला आहे.

आता थोडं हिशेबाचं बोलू. चिंतनात आकडे कशाला, असं वाटेल. पण एकनाथ महाराजांची देवगिरीची गोष्ट आठवा. जनार्दनस्वामींकडे हिशेबाचं काम करताना एका पैची चूक राहिली होती. नाथ रात्रभर दिवा लावून ती शोधत बसले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, असं सांगतात. स्वामींनी त्यांना ओरडून म्हटलं नाही की पै कसली शोधतोस, भजन कर. ते म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडली तर केवढा होईल! गुरूंनी त्या एकाग्रतेला हाताशी धरलं. म्हणजे हिशेबाला नीट बसणं हीसुद्धा ध्यानाची तालीमच आहे.

तर आमचा हिशेब असा होता. कार्डाचा व्याजदर महिन्याला ३.५ टक्के. ऐकायला लहान वाटतो, पण वर्षाचे ४२ टक्के झाले. २,८०,००० वर महिन्याचं व्याज ९,८००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,७६४. झाले ११,५६४. स्टेटमेंटवर ‘किमान देय रक्कम’ म्हणून ५ टक्के, म्हणजे १४,००० दिसत होते. ते भरले की विलंब शुल्क लागत नाही, फोन येत नाहीत, वाटतं आपण वेळेवर फेडतोय. पण त्या १४,००० मधून मुद्दल कमी होतं फक्त २,४३६ रुपये. आणि बाकी ठेवली की नव्या खरेदीवरची व्याजमुक्त मुदतही जाते. डायपरचं पाकीट कार्डावर घेतलं, तर त्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज.

हे कळल्यावर आम्ही दोघांनी कार्डं कपाटात ठेवली आणि ॲपमधून, वेबसाइटवरून त्यांची साठवलेली माहिती काढून टाकली. माझ्या ऑफिसच्या पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी कर्ज घेऊन दोन्ही कार्डं एकदम भरली. दोन वर्षं, दरमहा सुमारे १३,२०० चा हप्ता. किमान रकमेपेक्षाही कमी, पण यातला प्रत्येक हप्ता खरोखर कर्ज कापतो. आज १७ झाले, ७ राहिले.

प्रत्येकाला पतसंस्था नसते, हे मला माहीत आहे. कुणाला बँकेचं वैयक्तिक कर्ज मिळेल, कुणाला सोनं तारण ठेवता येईल, कुणाला बँकेशी बोलून बाकी रकमेचे हप्ते पाडून घेता येतील. दर आणि शुल्क विचारून घ्या, कार्डापेक्षा खरंच कमी पडतंय ना ते बघा. काहीच जमलं नाही, तर सगळ्या कार्डांची किमान रक्कम भरून उरलेला प्रत्येक रुपया सर्वांत जास्त व्याजाच्या कार्डावर टाका. आणि जुनं फेडून रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरू लागलं, तर दोन कर्जं होतात. तिथे मन आवरायला नाम हवंच.

“देव बघेल की!” असं काही जण म्हणतात. त्यांच्यासाठी तुकोबांची गोष्ट. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळाने माणसं पिचलेली पाहिल्यावर त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण दोन गोष्टी सांगायच्या राहून जातात. एक, तुकोबा तिथे घेणेकरी होते. स्वतःचं येणं त्यांनी सोडलं. दुसरी, धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची खतं त्यांनी बाजूला काढून दिली होती. दुसऱ्याच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही. आपलं देणं आपण नदीत सोडू शकत नाही. ते आपल्या हाताने फेडायचं असतं, आणि फेडण्याचं बळ देवाकडे मागायचं असतं.

याच कारणाने, “थोडे पैसे भरा, बाकी सोडून देतो” अशी तडजोड समोर आली, तर घाईने हो म्हणू नका. अशा खात्यावर क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. अगदीच मार्ग नसेल तर तोही घ्यावा लागतो, त्यात पाप नाही, पण काय घेतोय ते माहीत असू द्या. आणि वसुलीवाले धमकावत असतील, तर घाबरून जाऊ नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, शिवीगाळ किंवा धमकी देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने बजावलेलं आहे. ऋणी माणसाचीही अब्रू असते.

आता सर्वांत अवघड गोष्ट. द्यूतसभेत द्रौपदीने जो प्रश्न विचारला, त्याने भीष्मसुद्धा निरुत्तर झाले. तिने विचारलं, राजा आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच हरला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार उरला होता का? घरातल्या दुसऱ्या माणसाला न सांगता वाढवलेलं कर्ज हा तसाच पण असतो. हप्ता दोघांच्या संसारातून जातो, रात्रीची झोप दोघांची जाते, फक्त कारण एकालाच माहीत असतं. तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये असं एखादं स्टेटमेंट असेल, जे घरी कुणी पाहिलेलं नाही, तर आज मुलं झोपल्यावर ते दोघांच्या मध्ये ठेवा. भांडण होईल. होऊ दे. सभेत प्रश्न विचारला जाण्यापेक्षा स्वयंपाकघरात विचारलेला बरा.

मग मुलांचं काय, हा प्रश्न येतोच. पहिला वाढदिवस, जावळ, शाळेचं स्नेहसंमेलन, शेजारच्या मुलाकडे आहे ती सायकल. यातलं काय ठेवायचं आणि काय पुढे ढकलायचं? आमच्याकडे एक साधी पट्टी आहे. लसी, दूध, विमा, शाळेची फी याला हात लावायचा नाही. सरकारी लसीकरण कार्यक्रमातल्या लसी सरकारी केंद्रावर मोफत मिळतात, त्या आम्ही तिथेच घेतो. बाकी सगळं ऋणातून बाहेर येईपर्यंत लहान. धाकट्याचा पहिला वाढदिवस घरीच झाला. शिरा, औक्षण, आजोबांचं भजन. ऋण काढून सण करू नये, हे आपल्या आज्या सांगून गेल्याच आहेत. देवकार्यालाही तेच लागू आहे. कार्डावर पूजा, कार्डावर देणगी नको. आपल्या संतांनी नामाला एक पैचंही मोल ठेवलं नाही, ते गरिबाचा हात धरण्यासाठीच.

दर महिन्याला थोडी रक्कम, हजार असो की पाचशे, वेगळी ठेवा. मूल कधीही आजारी पडतं. त्या रात्री कपाटातलं कार्ड बाहेर यायला नको.

आणि एक. कर्ज फिटेपर्यंत सुख पुढे ढकलू नका. युधिष्ठिराच्या उत्तरात तीन गोष्टी आहेत. ‘अनृणी’ व्हायला मला अजून सात महिने आहेत. पण ‘अप्रवासी’ आणि ‘पालेभाजी’ या दोन मला आज जमण्यासारख्या आहेत. साडेसात ते नऊ आमच्याकडे दोन्ही फोन आणि लॅपटॉप बंद असतात. मेथीची जुडी निवडायला लेक बसते, निम्मी पानं जमिनीवर पडतात, धाकटा ती तोंडात घालायला धावतो. त्या दीड तासात एक रुपयाही फिटत नाही. पण ज्याच्यासाठी फेडतोय, ते घर तेवढा वेळ आमचं असतं.

आजचा नेम : रात्री एक कागद घ्या. त्यावर प्रत्येक देणं, त्याचा महिन्याचा व्याजदर आणि बाकी लिहा. शेवटी आपल्या घरातल्या सगळ्यांची नावं लिहा. मग अकरा वेळा ‘राम कृष्ण हरी’ म्हणा आणि कागद देवापाशी ठेवा. उद्या सकाळी तो तिथून उचलून पहिला फोन करा.

पांडुरंगा, आमचं देणं आमच्याच हातून फिटू दे. फिटेपर्यंत घरातला एकही माणूस आम्हाला परका होऊ देऊ नकोस. आणि कधी कुणी आमचं देणं लागत असेल, तर इंद्रायणीची आठवण दे.

राम कृष्ण हरी.