मुदत संपली, देणे संपले का?



"फादर, हातउसने घेऊन तीन वर्षे होऊन गेली. वकील म्हणतात, आता तो कोर्टात जाऊ शकत नाही. मग ते पैसे द्यायलाच हवेत का?" अशा अर्थाचा प्रश्न अधूनमधून कानावर येतो. कधी तो घेणाऱ्याचा असतो, तर कधी देणाऱ्याचा. देणारा विचारतो, "माझा हक्क बुडाला का?" प्रश्न पैशाचा वाटतो, पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. नुसता काळ गेल्यामुळे एखादे देणे फिटते का? अन्यायाला वर्षे झाली म्हणून तो अन्याय राहत नाही का?

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. आपल्या देशात १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. कोर्टात त्याला सगळे लिमिटेशन ॲक्ट म्हणतात. कोणत्या गोष्टीसाठी किती वर्षांच्या आत दावा लावायचा, हे त्यात ठरवून दिले आहे. उसन्या पैशासाठी ३ वर्षे, बदनामीच्या भरपाईसाठी १ वर्ष, जमीन-घराचा ताबा परत मिळवण्यासाठी १२ वर्षे. मुदत उलटल्यावर दावा आला, तर समोरच्याने तक्रार केली नसली तरी न्यायाधीशाने तो फेटाळलाच पाहिजे. अपिलाला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. मूळ दाव्याला ही सवलत नाही.

दावा कशासाठी लावता येतो, यालाही हद्द आहे. भावाने लग्नाला बोलावले नाही, मित्राने बोलणे टाकले, म्हणून दिवाणी दावा होत नाही. पैजेत जिंकलेले पैसे कोर्ट वसूल करून देत नाही. म्हणजे जगातले प्रत्येक दुःख, प्रत्येक वचनभंग कोर्टाच्या पायरीपर्यंत पोहोचू शकत नाही.

हे अन्यायाचे आहे का? नाही. साक्षीदार म्हातारे होतात, देवाघरी जातात. वह्या वाळवी खाते. पावती कुठे ठेवली ते आठवत नाही. तीस वर्षांपूर्वीच्या व्यवहारावर आज खटला उभा राहिला, तर खरे बोलणाऱ्यालाही आपले म्हणणे सिद्ध करता येणार नाही. पैसे फेडूनही ज्याने पावती जपली नाही, त्या गरीब माणसाचे रक्षण ही मुदतच करते. शिवाय कधी ना कधी माणसाला निर्धास्त झोप लागली पाहिजे. आपल्याकडे आजोबांनी लावलेला दावा नातू चालवतो, हे आपण पाहतो. दावा लावायला मुदत आहे, दावा संपायला मात्र नाही! लावायलाही मुदत नसती तर काय झाले असते, याची कल्पना करा.

हा कायदा आंधळाही नाही. ज्याचा हक्क आहे तो अज्ञान बालक असेल, तर तो सज्ञान होईपर्यंत थांबता येते आणि त्यानंतरही कमाल तीन वर्षांपर्यंतचा अवधी मिळू शकतो. समोरच्याने फसवणूक करून गोष्ट लपवली असेल, तर ती उघडकीस येईपर्यंत मुदत सुरू होत नाही. कोरोनाच्या काळात माणसे कोर्टापर्यंत पोहोचूच शकत नव्हती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला. ज्याला बोलता येत होते तरी जो बोलला नाही, त्याच्यासाठी मुदत आहे. ज्याला बोलताच येत नव्हते, त्याच्यासाठी कायदा थोडा थांबतो.

हा विचार इंग्रजांनी आणलेला नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत म्हटले आहे की, मालक डोळ्यांदेखत पाहत असून हरकत घेत नाही आणि दुसरा त्याची जमीन वीस वर्षे किंवा इतर धन दहा वर्षे वापरतो, तर मालकाची हानी होते. त्या स्मृतीवरची 'मिताक्षरा' ही प्रसिद्ध टीका विज्ञानेश्वरांनी सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीला लिहिली. ते कल्याणी म्हणजे आपल्याकडून हैदराबादच्या वाटेवर, बिदर जिल्ह्यात असलेले आजचे बसवकल्याण. विज्ञानेश्वरांनी त्या 'हानी'चा अर्थ फार जपून लावला. मालक गप्प बसला म्हणून गेलेल्या वर्षांचे उत्पन्न त्याने गमावले. मूळ जमीन त्याची ती त्याचीच. दिरंगाईची शिक्षा असावी, पण दुसऱ्याची वस्तू केवळ काळाने आपली होऊ नये, ही त्यामागची भावना आहे.

आपल्या काळातही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहिला. आपले सोलापूर गिरण्यांचे गाव. जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल या नावांवर इथली घरे उभी राहिली. गिरणी कामगार गावी निघून जाई, आजारी पडे, मरण पावे. त्याचा न उचललेला पगार, बोनस मालकाकडे पडून राही. त्या वेळच्या मुंबई राज्याने १९५३ साली कायदा करून अशा रकमा कामगार कल्याणाच्या निधीत जमा करण्याचे ठरवले. बॉम्बे डाइंग कंपनीने त्याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली न उचललेल्या रकमांपुरता कंपनीच्या बाजूने निकाल दिला. पण त्याच निकालात एक तत्त्व स्पष्ट मांडले: मुदत संपल्याने कर्ज नाहीसे होत नाही, फक्त कोर्टातून ते वसूल करण्याचा मार्ग बंद होतो.

बंधूभगिनींनो, हे वाक्य नीट लक्षात घ्या. कोर्टाचे दार बंद झाले, तरी देणे तिथेच आहे. कायद्याच्या पुस्तकातही ते मेलेले नाही. मुदत संपलेले कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने लेखी, सही करून दिले, तर १८७२ चा करार कायदा ते वचन बंधनकारक मानतो. आणि एखाद्याने मुदतीनंतर आपणहून पैसे दिले, तर "मुदत संपली होती, ते परत द्या" असे त्याला म्हणता येत नाही. का बरे? कारण त्याने दान केलेले नाही. त्याने देणे दिले आहे. म्हणजे कायद्याने स्वतः मागे सरून सदसद्विवेकासाठी एक दार उघडे ठेवले आहे. त्या दारातून आत यायचे की नाही, हे ऋणकोने ठरवायचे.

संत थॉमस अक्वायनस सांगतात की, मानवी कायदा साऱ्या दुर्गुणांना आवर घालू शकत नाही. तो सर्वसामान्य माणसांसाठी असतो, म्हणून ज्या गोष्टींनी समाज टिकणार नाही त्यांनाच तो मुख्यत्वे रोखतो. त्यामुळे 'कोर्ट मला पकडू शकत नाही' याचा अर्थ 'मी निर्दोष आहे' असा होत नाही. जकातदार जक्कयवर कोणी दावा लावल्याचे शुभवर्तमानात कुठेच नाही. कोणाकडून किती वर्षांपूर्वी घेतले, याचा हिशेबही त्याने मांडला नाही. येशू घरी आला आणि जक्कय म्हणाला की, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन (लूक १९:८). ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही हेच सांगते: अन्यायाने घेतलेली वस्तू तिच्या धन्याला परत केली पाहिजे (परिच्छेद २४१२). तिथे वर्षांची मर्यादा लिहिलेली नाही.

जमिनीच्या बाबतीत मात्र देशाचा कायदा आणखी पुढे जातो. मालकाच्या विरोधात, उघडपणे, सलग १२ वर्षे ताबा ठेवला तर मालकाचा दावाच नव्हे, हक्कही संपू शकतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने या नियमावर कडक टीका केली आणि सरकारने त्याचा फेरविचार करावा असे सुचवले. विधी आयोगाने मात्र २०२३ च्या अहवालात मुदत वाढवण्याचे कारण नसल्याचे मत दिले. या बाबतीत ख्रिस्तसभेचा कायदा वेगळा आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून तो सांगत आला आहे की, काळाच्या आधाराने हक्क मिळवणाऱ्याची दानत सुरुवातीलाच नव्हे, तर शेवटपर्यंत शुद्ध असली पाहिजे. आजच्या धर्मसंहितेचे १९८ वे कलमही हेच म्हणते. ही वस्तू दुसऱ्याची आहे हे ज्या दिवशी मला कळले, त्या दिवसापासून काळ माझ्या बाजूने धावत नाही.

हा प्रश्न लांबचा नाही. आईवडील गेल्यावर घर थोरल्या भावाच्या ताब्यात राहते. बहिणी सासरी असतात. आपल्या ख्रिस्ती लोकांना लागू असलेल्या १९२५ च्या वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा आहे. बहीण मागत नाही, कारण तिला माहेर तुटायला नको असते. भाऊ मनात म्हणतो, "इतकी वर्षे काही बोलली नाही, आता काय?" कायद्याने एका वारसाचा ताबा हा सगळ्यांचा समजला जातो, जोवर दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारला जात नाही. पण तो मुद्दा वकिलांचा झाला. सदसद्विवेकाचा मुद्दा इतकाच आहे: बहिणीचे मौन म्हणजे तिची संमती का? तिला कोणी कधी विचारले का?

मौनाविषयी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती आपल्या ख्रिस्तसभेविषयी आहे. लहानपणी ज्याच्यावर अत्याचार झाला, त्याला तोंड उघडायला कधी कधी वीस-तीस वर्षे लागतात. २००१ साली ख्रिस्तसभेने अशा गुन्ह्यांसाठी मुदत ठरवली, ती बळी पडलेली व्यक्ती १८ वर्षांची झाल्यापासून १० वर्षे. ती अपुरी ठरली. २०१० साली ती २० वर्षे करण्यात आली आणि त्यापलीकडच्या प्रकरणातही मुदत बाजूला ठेवता येते. ज्याने भीती घालून दुसऱ्याला गप्प बसवले, त्यालाच त्या मौनाचा फायदा मिळणे हा न्याय नव्हे. हे समजायला वेळ लागला, आणि तो वेळ जखमी झालेल्यांनी सोसला.

आता देणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द. जुन्या करारात सातव्या वर्षी कर्जमाफी सांगितली आहे. ते वर्ष जवळ आले म्हणून गरीब बांधवाला उसने देण्याचे टाळू नकोस, असेही बजावले आहे (अनुवाद १५:१-११). तिथे माफी कोण देतो? ज्याचे येणे आहे तो, आपला हात सैल सोडून. ऋणकोने स्वतःच स्वतःला माफ केलेले नाही. कायद्याची मुदत आणि क्षमा यांत हाच फरक आहे. मुदत कॅलेंडर पाहून संपते. क्षमा ज्याला लागले आहे त्याच्या हृदयातून येते. म्हणून ज्याचे येणे आहे त्याने वेळेवर, स्पष्ट, पण गोड शब्दांत मागावे. कोर्टाच्या वाटेवर असतानाच समेट करावा, असे प्रभू सांगतो (मत्तय ५:२५). आणि मिळणे शक्यच नसेल, समोरचा खरोखर खचला असेल, तर तसे सांगून त्याला मोकळे करावे. मनात हिशेब ठेवून बाहेर गप्प राहणे ही क्षमा नव्हे.

ज्याच्यावर देणे आहे त्याने काय करावे? शक्य असेल तर द्यावे. एकदम जमत नसेल तर हप्त्याने द्यावे. अगदीच जमत नसेल तर जाऊन तसे सांगावे. तोंड चुकवू नये. ज्याचे देणे आहे तो वारला असेल तर वारसांना द्यावे, आणि कोणीच सापडत नसेल तर गोरगरिबांना द्यावे. पुढच्या पापनिवेदनाला येण्यापूर्वी आपण सर्वांनी आपली जुनी वही एकदा मनातल्या मनात उघडून पाहावी. कोर्टाने ज्या पानावर 'मुदतबाह्य' असे लिहिले असते, त्या पानावर कोणाचे तरी नाव अजून असेल. ती व्यक्ती कदाचित आज आपल्याच रांगेत, दोन बाक पुढे बसली असेल.

आपला,
धर्मगुरू