घरचा गायक

इंग्लंडमधल्या फोक क्लबला, म्हणजे लोकगीतांच्या क्लबला, बहुतेक ठिकाणी स्वतःची इमारत नसते. एखाद्या पबची माडी किंवा मागची खोली, आठवड्यातला एक ठरलेला वार आणि जमतील तेवढ्या खुर्च्या, एवढाच पसारा. अनेक क्लबांत माइकही नसतो. सुरुवातीला घरचे गायक गातात, मग श्रोत्यांतलंच कुणी उठून एक-दोन गाणी म्हणतं, आणि बाहेरून पाहुणा बोलावला असेल तर त्याची पाळी त्यानंतर. ध्रुवपद आलं की सगळी खोली गाऊ लागते. मध्यंतरात सोडतीची तिकिटं खपवतात, तेवढाच खर्चाला हातभार.

या घरच्या गायकाला तिथे रेसिडेंट म्हणतात. पाहुणा येवो न येवो, बाहेर धो धो पाऊस असो, समोर दहाच माणसं बसलेली असोत, हा गिटार घेऊन हजर. दिवसा तो शाळेत शिकवत असेल, कारखान्यात जात असेल. गावाबाहेर त्याचं नावही कुणी ऐकलेलं नसतं. मला या माणसांविषयी मनापासून आदर वाटतो. दोनशे-तीनशे वर्षांची गाणी जिवंत राहिली ती संग्रहकांच्या वह्यांमुळे, हे खरंच. पण वहीतलं गाणं कुणाच्या तरी गळ्यातून दर आठवड्याला बाहेर पडावं लागतं.

यांच्यातल्या एकाचं नाव जगभर झालं, तरी त्याने या खोल्यांकडे पाठ फिरवली नाही. मार्टिन कार्थी, जन्म १९४१. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी लंडनमधल्या एका क्लबात त्यांनी सॅम लार्नर यांना ऐकलं. लार्नर म्हणजे नॉरफोकच्या किनाऱ्यावरचे, ऐंशीच्या घरातले कोळी. आयुष्य हेरिंग माशांच्या मागे समुद्रावर गेलेलं. त्या एका संध्याकाळीने आपली दिशा ठरवली, असं कार्थी पुढे सांगत आले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतः लंडनच्या ट्रूबाडूर या कॉफीघरात घरचे गायक झाले. १९६२च्या हिवाळ्यात लंडनला आलेला तरुण बॉब डिलन त्यांच्याकडून गाणी ऐकून गेला.

कार्थींचा हात जरा निरखून पाहावा. गिटारच्या तारा त्यांनी आपल्या पद्धतीने लावलेल्या: सी, जी, सी, डी, जी, ए. सगळ्याच तारा नेहमीपेक्षा उतरवलेल्या. अंगठा खर्जाच्या तारेवर ठोका देतो, तो जवळजवळ तालवाद्यासारखा, आणि बोटं गळ्यातली चालच तारांवर म्हणतात. भरगच्च कॉर्ड फारसे नाहीतच. दोन ओळींमध्ये मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत गोष्ट ऐकू येते. या गाण्यांत बुडालेली जहाजं असतात, फसवल्या गेलेल्या मुली असतात, फासावर जाणारे असतात. श्रोत्याला त्यांची हकिगत कळली पाहिजे, ही त्या बोटांना काळजी. इतकी हुशारी हातात असून ती गाण्याच्या मागे उभी करायची, याला मी फार मोठा संयम समजतो.

‘स्कारबरो फेअर’ची हकिगत अनेकांना ठाऊक असेल. या जुन्या गाण्याची कार्थींनी बांधलेली मांडणी अमेरिकन गायक पॉल सायमनने लंडनमध्ये ऐकली, १९६६ साली सायमन आणि गार्फंकेल यांच्या तबकडीवर ते गाणं आलं, जगभर गाजलं. कार्थींचं नाव मात्र त्यावर नव्हतं. हा सल त्यांच्या मनात पुष्कळ वर्षं राहिला. राहणारच, कुणाच्याही राहील. पण मुळात ते गाणं त्यांनाही युअन मॅकॉल आणि पेगी सीगर या गायकांच्या गीतसंग्रहातून मिळालं होतं, आणि त्याआधी ते कुणाकुणाच्या ओठांवरून आलं याचा हिशोब कोण लावणार? २००० साली सायमनने लंडनच्या आपल्या मैफलीत त्यांना बोलावलं. दोघांनी एकाच मंचावर ते गाणं म्हटलं आणि तो विषय मिटला.

लोकगीताला इजा होते ती फक्त ते न गाण्याने, असं कार्थींचं मत आहे. मला ते शंभर टक्के पटतं. बेसूर गायलेलं गाणं पुढच्या आठवड्यात कुणीतरी सुधारतो. न गायलेलं गाणं सुधारायला कुणी उरत नाही.

म्हणून तुमच्या गावात, गल्लीत, देवळात असं वर्षानुवर्षं गाणारं कुणी असेल, तर या आठवड्यात जाऊन समोर बसा. ध्रुवपदाला आवाज मिसळा.

कार्थी अजून गातात. मे २०२५ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वाढदिवशी, त्यांचा नवा अल्बम आला. ‘स्कारबरो फेअर’ त्यात पुन्हा आहे, आणि या वेळी सोबतीला शीमा मुखर्जींची सतार आहे.