काडी एकाची, डोंगर सगळ्यांचा

दुष्काळाच्या गोष्टी निघाल्या की आमच्याकडची माणसं पाण्याच्याच गोष्टी सांगतात. टँकर कधी यायचा, हंड्यांची रांग कुठवर जायची, आडात उतरून वाटीवाटीनं पाणी कसं भरायचं. बहात्तरच्या दुष्काळातला माणूस असला तर खडी फोडल्याचं सांगेल, सुकडीचं आणि मिलोच्या भाकरीचं सांगेल. आगीचं सहसा कोणी सांगत नाही. पण दुष्काळ आणि आग यांचा शेजार फार जवळचा. ज्या वाटेनं पाणी जातं, त्याच वाटेनं आग येते.

शहरातला माणूस म्हणेल, पाऊसच नाही तर डोंगरावर गवत कुठलं आणि जळणार काय? प्रश्न रास्त आहे. पण शंभू महादेवाच्या रांगेत, माण तालुक्यात राहणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. मृगाचे दोन बरे पाऊस झाले की गवत गुडघ्याला लागतं. मग पाऊस दडी मारतो आणि दिवाळीच्या आतच डोंगर पिवळा पडतो. बऱ्या सालात आगीला वाटेत अडवणारं पुष्कळ असतं. ओढ्याकाठचा हिरवा पट्टा असतो, शाळवाचं ओलं रान असतं, पहाटेचं दव असतं. दुष्काळात ओढा कोरडा, रान मोकळं, आणि दव नावालासुद्धा नाही. त्यातच गावात माणसं नसतात. कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईला, कोणी जनावरं घेऊन चारा छावणीत. आग लागायला एक माणूस पुरतो. विझवायला पन्नास लागतात, आणि नेमके तेच नसतात.

आमच्याकडं डोंगर जाळायची चाल जुनी. माघ-फाल्गुनात वाळलेलं गवत पेटवलं की नवं चांगलं फुटतं, असं बापजाद्यांपासून ऐकलेलं. हे अर्धं खरं आहे, म्हणून तर ते टिकलं. जळलेल्या बुडख्यातनं दोन बोटं कोंभ फुटतात आणि शेरडं ते आवडीनं खातात. अर्धं खोटं आहे ते मात्र दिसायला वर्षं लागतात. पवन्या, मारवेल ही जनावरांच्या आवडीची गवतं वरचेवर जाळल्यावर मागं पडतात आणि कुसळी माजते. कुसळीच्या बीला शेपूट असतं. ओल लागली की ते पीळ सोडतं, वाळलं की पीळ घेतं, आणि असं फिरत फिरत बी जमिनीत शिरतं. वर आग गेली तरी आत ते सुखरूप. म्हणून जो डोंगर दरसाल जळतो, त्यावर शेवटी कुसळंच उरतात. ती मेंढरांच्या लोकरीत नि कातड्यात घुसतात. शिवाय उघड्या पडलेल्या डोंगराची माती वळवाच्या पहिल्याच सरीत ओढ्याला लागते. आपण गवतासाठी जाळतो आणि गवताची जमीनच घालवतो.

राखीव जंगलात आग लावणं हा 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. त्याच कायद्यात असंही आहे, की जंगलात ज्यांना काही हक्क मिळालेले आहेत त्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. म्हणजे डोंगरावर चरायचा हक्क घेतलास तर डोंगर विझवायचं कर्तव्यही घे. कायदा साधा आहे. गावात तो किती अवघड होतो, ते 2013 सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या वाडीनं पाहिलं.

त्या साली अर्धी वाडी छावणीत होती. जवळच्या छावणीत गाई-बैल घेत होते, शेरडांना जागा नव्हती. वाडीतल्या नानांकडं आठ-दहा शेरडं. त्यांना घालायला काही नाही. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. दिवस मावळताना, वारा पडलेला बघून, डोंगराच्या एका अंगाला काडी लावली. दर सालाची ती आग रातोरात ओढ्यापाशी येऊन निवायची. या साली ओढ्यात निवण्यासारखं काही नव्हतं. रात्री नऊच्या सुमाराला वारा फिरला आणि आग ओढा ओलांडून वाडीच्या बाजूला आली.

वाडीत बायामाणसं धरून पंधरा-सोळाजण असू. तरवडाचे हिरवे फाटे तोडून सगळे धावले. आमचे तात्या ओरडून सांगत होते, "म्होरनं जाऊ नगा रं, बगलंनं या! जळल्याल्या अंगाला पाय ठिवा!" ही ओरड प्रत्येकानं पाठ करावी अशी आहे. आग चढावर माणसापेक्षा वेगानं पळते, म्हणून आगीच्या वरच्या बाजूला कधी थांबायचं नाही. काळं पडलेलं रान पुन्हा पेटत नाही, म्हणून पाय तिथं. फाट्यानं झोडपायचं नाही, झोडपलं की ठिणग्या उडतात. दाबायचं आणि आगीच्या पोटाकडं, आत लोटायचं. अंगावर नायलॉनचं काही नको, ते वितळून कातडीला चिकटतं. 2018 च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात फिरायला गेलेली वीसहून अधिक माणसं वणव्यात गेली. पुण्या-मुंबईची पोरं उन्हाळ्यात गडांवर येतात, त्यांनीसुद्धा हे ध्यानात ठेवावं.

मध्यरात्रीपर्यंत आग दबली. पण त्याआधीच एक ठिणगी आक्काच्या कडब्याच्या गंजीवर पडली होती. पेटलेली गंजी विझत नसते, शेजारचं तेवढं वाचवायचं असतं. टँकर तीन दिवसांनी यायचा, तरी बायांनी घरातली पिंपं लोटत आणली आणि पाणी शेजारच्या छपरावर ओतलं. दुसऱ्या दिवशी प्यायला काय, हा हिशोब त्या वेळी एकीनंही केला नाही. छपरं वाचली. आक्काची गाय दावं तोडून सोडली, तीही वाचली. तीनशेच्या वर पेंढ्यांची गंजी मात्र सकाळपर्यंत राख झाली.

आक्का एकटी बाई. नवरा गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली. सासूला टाकून छावणीत राहता येत नाही, म्हणून तिनं पोटाला चिमटा घेऊन तो कडबा साठवला होता. वाडीत त्या उन्हाळ्यात घरच्या दाव्याला असलेली ती एकच गाय.

दुसऱ्या दिवशी पारावर माणसं जमली. एकजण म्हणाला, नाव वनखात्याला कळवा. नाना आपणहून उठले. म्हणाले, "मीच लावली. दरसाल लावतोय. कवा कोण काय बोललं?"

पारावर कोणी बोलेना. कारण खरंच कोणी कधी बोललं नव्हतं. राखेतनं फुटलेल्या कोंभांवर सगळ्यांचीच शेरडं चरली होती. शेवटी तात्या म्हणाले, "नाव सांगायचं आसंल तर आपल्या समद्यांची सांगा." मग कोणीच सांगितलं नाही. वनरक्षक आले, चौकशी करून गेले. तलाठ्यांनी पंचनामा केला. आग लावणारा अज्ञात राहिला.

तात्यांचं वाक्य त्या दिवशी सगळ्यांना पटलं. मलाही त्यातला अर्धा भाग आजही पटतो. नानांचा हेतू वाईट नव्हता, गरज खोटी नव्हती, चाल एकट्याची नव्हती. फायदा सगळ्यांनी खायचा आणि नुकसान झालं की एका म्हाताऱ्याला पुढं करायचं, हा न्याय नव्हे.

पण मग नानांचा दोष नव्हताच का? मला वाटतं, होता. काल जे चाललं ते आज चालेल, हे धरून चालण्यात तो होता. डोंगर जाळायची चाल ज्यांनी पाडली, त्यांच्या पाठीशी ओढा होता, दव होतं, गावात पन्नास माणसं होती. चालीला हे राखणदार होते, म्हणून ती निभावली. राखणदार गेले आणि चाल तेवढी उरली. माणूस तोच, काडी तीच, डोंगर तोच, तरी साल बदललं की काडी लावण्याचा अर्थ बदलतो. बऱ्या सालातली हयगय स्वतःपुरती असते. दुष्काळात कोणाचीच हयगय स्वतःपुरती राहत नाही. बांध पेटवणारा, विडीचं थोटूक टाकणारा, चुलीची राख न भिजवता उकिरड्यावर फेकणारा, हे सगळे न विचारता दुसऱ्याच्या गंजीवर हात टाकत असतात. मला ठाऊक नव्हतं, हे उत्तर एरवी चालतं. आजूबाजूला सगळं वाळलेलं डोळ्यांना दिसत असताना ते चालत नाही.

आणि 'दोष सगळ्यांचा' या म्हणण्यातही एक खोड आहे. सगळ्यांचा म्हटलं की तो कोणाच्याच अंगाला लागत नाही. दोष वाटून घ्यायचा असेल तर भरपाईही त्याच दिवशी वाटून घ्यावी लागते. पारावर तासभर दोषाचा खल चालला तेव्हा आक्का बाजूला उभी होती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "दोष कुणाचाबी आसू द्या. सांच्याला गाईम्होरं काय टाकू?"

घरटी दहा पेंढ्या द्यायच्या असं ठरलं. ठरलं ते मनापासून, पण निम्म्यांची वैरण छावणीत, कोणाची भावकीत ठेवलेली. पेंढ्या जमायला दोन आठवडे गेले. तोवर आक्कानं चार दिवस गाईला झाडपाला घातला आणि पुढच्या बाजाराला ती पडत्या भावात विकून टाकली. पेंढ्या घेऊन माणसं दारात आली तेव्हा गोठ्यात दावं होतं, गाय नव्हती. आक्कानं एकही पेंढी ठेवून घेतली नाही. ज्याच्या त्याला परत नेऊन दिली. काही बोलली नाही.

त्या परत आलेल्या पेंढ्यांचा अर्थ लावताना मला एक गोष्ट कळली. नानांचं नाव दडवलं ही वाडीनं दाखवलेली दया होती, पण ती आक्काच्या खिशातनं दाखवलेली होती. माफ करायचं की नाही, हे ज्याचं जळलं त्याला आधी विचारायला पाहिजे. तिला विचारलं असतं तर ती कदाचित 'जाऊ द्या' म्हणालीही असती. नानांची शेरडं तिनं पाहिलेली होती, उपाशी जनावराचं तोंड तिला नवीन नव्हतं. पण ते तिनं म्हणायचं होतं. दुसऱ्याच्या नुकसानीवर उदार होणं सोपं असतं, आणि गावात ते चांगुलपणा म्हणून खपून जातं.

पुढच्या वर्षी जानेवारीत डोंगराच्या पायथ्याला गावानं जाळपट्टा काढला. वनखातं आपल्या हद्दीत आगीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, म्हणजे 15 फेब्रुवारीच्या आत, जाळरेषा काढतं. गायरानाची बाजू गावानं घेतली. दहा-बारा हात रुंदीतलं गवत कापायचं, उरलेलं बुडखं माणसं उभी करून जाळायचं, आणि ते गार झाल्याची हातानं खात्री केल्याशिवाय हलायचं नाही. नाना कोयता घेऊन सगळ्यांच्या आधी आले होते. आक्काही आली होती. दोघं बोलताना मी पाहिली नाहीत. एकाच पट्ट्यावर दोन टोकांना कापत होती, एवढं खरं.

तेव्हापासून काही गोष्टी वाडीत रुजल्या. गंज्या घरापासून लांब आणि एकमेकींपासूनही लांब घालतात. फाल्गुन ते वळीव येईपर्यंत बांध पेटवत नाहीत. कोणी छावणीला किंवा तोडीला गेलं तर त्याची गंजी कोणी बघायची, हे जायच्या आधी ठरतं. आता आग उपग्रहाला दिसते आणि वनखात्याच्या माणसाच्या मोबाइलवर संदेश येतो. ही सोय मोठी आहे. पण संदेश आला तरी हातात फाटा घेऊन डोंगर कोणीतरी चढायचाच असतो.

जाळपट्ट्याची एक अडचण मात्र सुटत नाही. ज्या साली पट्टा नीट निघतो, त्या साली काहीच घडत नाही. आग वाडीकडं येत नाही, गंजी जळत नाही, कोणाची गाय बाजारात जात नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? आग विझवणाऱ्याचं नाव होतं, पट्टा काढणाऱ्याचा दिवस तेवढा मोडतो. म्हणून दोन-तीन सालं सुखाची गेली की पोरं म्हणायला लागतात, यंदा कशाला, काय होतंय? बऱ्या पावसाच्या साली हे म्हणणं चालूनही जाईल. पण ज्या साली ओढा मार्गशीर्षातच आटला, त्या साली आपली गंजी डोंगरापासून कितीही लांब असली, तरी एक दिवस मोडून पट्ट्यावर जावं. त्या दिवशी आपण कोणाची गाय राखली, हे कधीच कळणार नाही.