महिषासुराचा चेहरा
यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात नावाजलेला. तिथल्या मूर्तिकाराचा हात सर्वांत मोकळा होतो तो महिषासुरापाशी, असं मला वाटतं. देवीचे शांत डोळे, तिची आयुधं परंपरेनं ठरलेली. असुराला तसा पक्का साचा नाही. फुगलेल्या शिरा, रेड्याच्या धडातून अर्धवट बाहेर पडणारा माणूस, हिरवट अंगावर चढवलेली काळपट छटा. इथं निरीक्षण आणि कल्पना दोन्ही पणाला लागतात. कुणी म्हणेल, दुष्टाला एवढं सजवायचं कशाला? पण असुर कच्चा घडला, तर देवीच्या त्रिशूळालाही वजन उरत नाही. विसर्जनात सगळं विरघळणारच, हा आक्षेपही टिकत नाही. तणसाच्या सांगाड्यावर माती थापताना खांदा कुठं वळतो, हे बोटांना कळलेलं असतं; पुढच्या नवरात्रात तेच कामी येतं.