उघड्या तिजोरीतले पैसे कोणाचे?

क्रिप्टो चुकीच्या पत्त्यावर गेलं म्हटलं की एखादं अक्षर चुकलं असेल असं वाटतं. तसं सहसा होत नाही. बिटकॉइनच्या पत्त्यात चेकसम असतो. अक्षर चुकलं तर वॉलेट तिथंच अडवतं. खरी गोची होते ती पत्ता बरोबर असूनही त्याचा प्रकार भलताच असला की.

१ ऑगस्ट २०१७ ला बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश फुटून निघालं. त्याच महिन्यात बिटकॉइनवर सेगविट आलं, कॅशनं ते घेतलं नाही. पण ३ या आकड्यानं सुरू होणारे पत्ते दोन्हीकडे हुबेहूब सारखे. काहींनी सेगविटच्या पत्त्यांवर कॅशची नाणी पाठवली. बिटकॉइनवर त्या पत्त्याला मालकाच्या सहीचं कुलूप होतं. कॅशच्या साखळीला ते कुलूप कळतच नव्हतं. तिथं सही लागायची नाही, फक्त माहितीचा एक छोटा तुकडा पुरायचा, आणि मालकानं बिटकॉइनवर तो पत्ता एकदा वापरला की तो तुकडा जगजाहीर. त्यातून साधे नोड असले व्यवहार पुढे पाठवत नसत, म्हणून नाणी काढू शकणार तो मायनरच. म्हणजे स्वतःचेच पैसे सोडवायला मालकानं मायनरकडे जायचं आणि तो खिशात घालणार नाही अशी आशा करायची. कुणावर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून बनवलेल्या पैशाची ही तऱ्हा!

नोव्हेंबर २०१८ मध्ये नियम बदलले आणि ही नाणी पार गोठली. ती सोडवता यावीत म्हणून १५ मे २०१९ च्या अपग्रेडमध्ये मुद्दाम सवलत दिली गेली. त्याच दिवशी एका अनोळखी मायनरनं ती उचलायला घेतली. दोन मोठ्या पूलांनी त्याचे दोन ब्लॉक साखळीबाहेर ढकलले. नाणी ज्यांची त्यांना द्यायची, हा हेतू सांगितला गेला.

त्या अनोळखी मायनरनं कोणता नियम मोडला? कोडमधला एकही नाही. पूलांनीही नाही, ज्या साखळीत जास्त काम ती खरी, एवढंच कोड म्हणतं. तरी मी एकाला चोर म्हणतो, दुसऱ्याला नाही. कारण एखादी गोष्ट करता येते का, एवढंच कोड सांगतं. ती वस्तू कोणाची, हा प्रश्नच त्याला पडत नाही. आपल्याकडच्या १८७२ च्या करार कायद्यात ७२ वं कलम आहे: चुकून हाती आलेला पैसा परत केला पाहिजे. तिजोरीला कुलूप होतं की नव्हतं, याची चौकशी ते करत बसत नाही.

म्हणून मी पूलांच्या बाजूनं आहे. पण निवांत नाही. झालेला व्यवहार पुसायची ताकद त्यांच्याकडे होती, ती दुसऱ्या दिवशीही होतीच, आणि त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. त्या मानानं सवलतीची वाट मला जास्त पटते: प्रस्ताव उघड होता, कोड कुणालाही वाचता येत होता. फक्त मालक कोण हे कोडला ओळखता येत नाही, त्यामुळे मालकांसाठी उघडलेलं दार त्या अनोळखी मायनरलाही तितकंच उघडं होतं.