घंटा वाजविली म्हणजे कर्तव्य संपले काय?

वाटेत कोणी कोणास वाट द्यावी, हा प्रश्न दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. मोठमोठ्या ग्रंथांत ज्या प्रश्नांचा ऊहापोह होतो, त्यांच्या पंक्तीस याला बसवावे असे सहसा कोणास वाटणार नाही. परंतु मनुष्याच्या धर्मबुद्धीची परीक्षा पुष्कळदा मोठ्या प्रसंगी होत नाही. ती घरापासून देवळापर्यंतच्या वाटेवरच होऊन जाते, आणि परीक्षा झाली हे आपल्या ध्यानातही येत नाही. माझी अशी एक परीक्षा झाली व तीत मी अनुत्तीर्ण झालो; म्हणून हे चार विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

गेल्या श्रावणातील एका सोमवारची गोष्ट. सायकलीच्या मागे फुलांची करंडी बांधून मी सकाळी देवळाकडे निघालो होतो. पूजेस उशीर होत होता. बाजाराच्या गल्लीत भाजीची पोती उतरत होती, रात्रीच्या पावसाने चिखल झाला होता. पुढे एक वृद्ध गृहस्थ दुधाची पिशवी घेऊन चालले होते. मी घंटा वाजविली, पुन्हा वाजविली. ते बाजूस होतील असे गृहीत धरून वेग मात्र कमी केला नाही. समोरचे डबके चुकविण्यासाठी ते एक पाऊल उजवीकडे आले, आणि माझ्या सायकलीच्या दांडीचा धक्का लागून खाली पडले. त्यांस उठवीत असता माझ्या तोंडून प्रथम जे शब्द निघाले, ते क्षमेचे नव्हते. “आजोबा, मी घंटा वाजवली होती ना!” असे मी म्हणालो. त्यांनी कानाकडे बोट नेले आणि म्हणाले, “मला कमी ऐकू येतं रे बाळा. माझंच चुकलं.”

हाड मोडले नव्हते. परंतु पंधरा दिवस त्यांस उजव्या हाताने जेवता आले नाही. त्यांनी मला रागे भरले असते, तर कदाचित मी ही गोष्ट विसरूनही गेलो असतो. ज्याला दुखापत झाली त्यानेच क्षमा मागावी, हे मात्र मनातून जाईना.

वडिलांस सर्व वृत्तांत सांगितला. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “देवळात शिरताना आपण घंटा कशासाठी वाजवतो?” मी म्हटले, “आपण आलो आहोत हे देवाला कळावं म्हणून.” “मग देवानं बाजूला व्हावं म्हणून तर वाजवत नाहीस ना?” ते म्हणाले. एवढे बोलून ते आपल्या कामास लागले. त्याच दुपारी आम्ही दोघे त्या आजोबांच्या घरी जाऊन आलो.

घंटा ही सूचना आहे. ती आज्ञा नव्हे. ‘मी येत आहे’ एवढेच ती सांगते. ऐकणाऱ्याने ऐकले की नाही, ऐकले तर त्याला उमजले की नाही, उमजले तरी त्याच्या पायांत तितकी चपळाई आहे की नाही, याचा निर्णय घंटा करू शकत नाही. तो वाजविणाऱ्यानेच डोळ्यांनी पाहून करावयाचा असतो. आपण मात्र घंटा वाजविली की सर्व भार पुढच्याच्या शिरावर टाकून मोकळे होतो. यापुढे काही झाले तर चूक त्याची! पूर्वसूचना देऊन केलेले नुकसान हे जणू नुकसानच नव्हे, असा हा विलक्षण न्याय आहे.

आपल्या शास्त्रकारांनी या ‘क्षुल्लक’ प्रश्नाचा विचार केलेला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात कोणास वाट द्यावी याची एक यादीच आहे. तीत चाकांच्या वाहनात बसलेला, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, विद्या संपवून आलेला स्नातक, राजा आणि लग्नास निघालेला वर, असा क्रम येतो. कोणी चिकित्सक वाचक लगेच म्हणेल, “पाहा, चाकवाल्याचे नाव पहिले! म्हणजे सायकलस्वारास वाट देणे हाच पादचाऱ्याचा धर्म.” मीही प्रथम असेच समाधान करून घेतले होते. परंतु त्या यादीतील बहुतेकांना जोडणारे सूत्र कोणते, याचा विचार केला म्हणजे हे समाधान टिकत नाही. वृद्ध, रोगी, भार वाहणारा यांना बाजूस होणे कठीण जाते, म्हणून इतरांनी बाजूस व्हावे. जुन्या काळचा बैल किंवा घोडे जोडलेला जड रथही चटकन थांबत नसे व वळत नसे. अरुंद वाटेवरून एकदा खाली उतरला की तो पुन्हा वर आणणे हेही मोठेच काम असे. सायकलीस तो नियम जसाच्या तसा लागू करणे म्हणजे शब्द घेऊन अर्थ टाकणे होय. सायकल बोटाच्या दाबाने थांबते, पाय टेकला की उभी राहते, आणि स्वार खाली उतरला की तोही पादचारीच होतो. वळण्याची व थांबण्याची शक्ती ज्याच्यापाशी अधिक, त्यानेच वळावे व थांबावे, असा त्या यादीचा आजचा अर्थ मला दिसतो.

महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. जनकाच्या यज्ञमंडपाकडे जात असता त्या बालकाची व राजाची वाटेत गाठ पडते, आणि मार्ग कोणाचा असा वाद निघतो. अष्टावक्र जो क्रम सांगतो, त्यात अंध व बधिर यांची नावे अगदी आरंभी येतात. मग स्त्री व ओझेवाला, आणि त्यानंतर राजा. ब्राह्मण भेटल्यास मात्र मार्ग ब्राह्मणाचा, असे तो म्हणतो. जनक वाद वाढवीत नाही, वाट सोडतो. ही कथा मी लहानपणापासून अनेकदा ऐकली होती. परंतु त्यातील ‘बधिर’ या शब्दाकडे माझे लक्ष त्या सोमवारनंतरच गेले. ज्याला घंटा ऐकू येत नाही, त्याचा मार्गावरील हक्क शास्त्राने आधीच मान्य करून ठेवला होता.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या याद्यांत वर्णाचा व पदाचा मानही आहे. तो त्या काळाचा भाग होय. आज राज्यघटनेने रस्त्यावर सर्वांस सारखे केले आहे, आणि पुरोहिताच्या घरात जन्मलेल्या माणसानेही आपल्यासाठी कोणी वाट सोडावी अशी अपेक्षा धरू नये. काळ बदलला तरी न बदलणारा भाग दुसरा आहे: दुर्बलास आधी वाट.

यात केवळ दयेचा प्रश्न आहे असेही नाही. साधे गणित आहे. सायकल ताशी १८ किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात पाच मीटर पुढे जाते. सावकाश चालणारा मनुष्य तेवढ्यात सव्वा मीटरच जातो. स्वाराने धोका पाहावा आणि हात लगामाकडे, म्हणजे ब्रेककडे न्यावा, एवढ्यातच तो एक सेकंद संपतो. शिवाय वेग चौपट झाला की तेवढ्याच वजनाच्या आघाताची शक्ती चौपट होत नाही, सोळापट होते. म्हणून दोघांची चूक समान असली तरी दोघांचे उत्तरदायित्व समान नसते. ज्याच्या हाती वेग, त्याच्या शिरी अधिक भार.

तथापि पादचाऱ्यावर काहीच कर्तव्य नाही असे कोणी समजू नये. त्यासाठी महाभारताच्याच आदिपर्वातील दुसरी कथा पाहावी. राजा कल्माषपाद मृगयेवरून थकून, भुकेने व तहानेने व्याकूळ होऊन येत होता. एका वेळी एकच जण जाईल अशा अरुंद वाटेवर वसिष्ठांचा ज्येष्ठ पुत्र शक्ती समोर आला. राजा म्हणाला, बाजूस हो. शक्ती म्हणाला, मार्ग माझा आहे. दोघेही हटले नाहीत. राजाने चाबूक मारला, शक्तीने राक्षस होशील असा शाप दिला, आणि त्या राक्षसाचा पहिला घास स्वतः शक्तीच झाला. त्याच्यामागून त्याचे भाऊही गेले. त्या काळच्या नियमाने शक्तीचे म्हणणे खरे होते. पण खरेपणाने त्याला वाचविले नाही. एक पाऊल मागे घेतले असते तर एवढा अनर्थ टळता. हक्क असणे वेगळे आणि हक्क किती ताणावा हे कळणे वेगळे. चौघांनी हातात हात घालून सारा रस्ता अडवून चालावे, कानात गाण्याची यंत्रे घालावी, हातातल्या फोनमध्ये पाहत अकस्मात वळावे, आणि वर सायकलवाल्यास दोष द्यावा, हेही धर्माचे लक्षण नव्हे.

आता आपल्या गावाकडे पाहू. हुबळीत दुर्गद बैल किंवा दाजीबान पेठ येथे, धारवाडात सुभाष रोडवर सणाच्या आदल्या दिवशी जाऊन पाहावे. दुकानांच्या पायऱ्या, हातगाड्या, उभी केलेली वाहने यांतून जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यावर चालणारे व सायकलवाले एकमेकांशी भांडत असतात. वास्तविक हे दोघे एकाच नावेतले प्रवासी. २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ३२,८२५ पादचारी होते. त्यांचे प्राण घेणारी वाहने मुख्यतः मोटारींच्या जातीची. थोरल्यांनी अंगण व्यापले आणि उरलेल्या ओसरीसाठी धाकटे भाऊ भांडू लागले, असा हा प्रकार आहे. पदपथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या मे महिन्यात सांगितले. तो हक्क पालिकेकडे मागावयाचा असेल, तर पादचारी व सायकलस्वार यांनी तो मिळून मागितला पाहिजे.

थोडीफार आशाही आहे. फ्रेंच विकास संस्था व युरोपीय संघ यांच्या साहाय्याने केंद्र शासनाने २०१८ साली नगरसुधारणेचा जो उपक्रम आरंभिला, त्यात निवडलेल्या १२ शहरांत हुबळी-धारवाड होते. उणकल तलावातून निघणाऱ्या नाल्याच्या काठाने केवळ चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी हिरवा मार्ग करावयाचा, अशी ती योजना. परंतु लक्षात घ्यावे की मोटार नसलेल्या मार्गावरही प्रश्न संपत नाही. तेथे सर्वांत बलवान सायकलस्वारच असतो. मोठ्या रस्त्यावर ज्याला आपण ‘उर्मट’ म्हणतो, त्याच्या जागी तेथे आपण असतो. सत्ता अंगावर आली म्हणजे मनुष्य कसा वागतो हे पाहावयाचे असेल, तर त्यास राज्य देण्याची गरज नाही. दोन चाके दिली तरी पुरे.

म्हणून आपल्या कुटुंबांस माझी नम्र विनंती आहे. जेथे गर्दी दाट आहे तेथे सायकलवरून खाली उतरावे. देवळाच्या गल्लीत तर अवश्य. पुढच्याने आपणास पाहिले आहे अशी खात्री होईपर्यंत त्यास ओलांडू नये, आणि ओलांडताना हातभर अंतर राखावे. पहाटे व सायंकाळी सायकलीस दिवा असावा. चालताना मुलांस रस्त्याच्या आतल्या बाजूने धरावे, आणि वळण्यापूर्वी एकदा मागे पाहावे. यात एक पैसाही खर्च होत नाही. दोन मिनिटे जातात इतकेच.

आणि घंटेबरोबर तोंडातून एखादा शब्दही निघावा. आपल्या या भागात वाट मागताना लोक कन्नडमध्ये “स्वल्प दारी बिड्री” म्हणतात. त्या शेवटच्या ‘री’मध्ये सगळा आदर साठविलेला आहे. पंढरीच्या वाटेवर लाखोंच्या गर्दीत पुढे सरकणारा वारकरी पुढच्यास “माऊली” म्हणून हाक मारतो. ज्याला माऊली म्हटले, त्याला धक्का कसा मारावयाचा?

ते आजोबा आता पुन्हा सकाळी दूध आणावयास निघतात. त्या गल्लीच्या तोंडाशी मी सायकलवरून उतरतो व त्यांच्या बरोबरीने चालत जातो. देवळात पोहोचावयास थोडा उशीर होतो. म्हणून आता घरून थोडा लवकर निघतो.