मुंगी, सूर्य आणि माझं आडनाव



हर्ण्याच्या बंदरावर मासळीचा लिलाव उठला की माझी आजी वाळूत सांडलेली बारीक मासळी वेचायची. वेचता वेचता मुंगीचं गाणं गुणगुणायची. मुक्ताबाईचं म्हणून सांगतात ते. त्यात मुंगी सूर्य गिळते, माशीच्या पोटी घार जन्मते. मी विचारायचो, "आये, ह्याला अर्थ काय?" ती म्हणायची, "मुंगीलाच इचार." धम्मदीक्षा घेतल्यावर आजीनं घरातले देव समुद्रात सोडले. मुंगी मात्र सोडली नाही.

पुढं कीर्तनात अर्थ ऐकला. मुंगी म्हंजे जीव, बाकी सगळं ब्रह्म. मी उठून आलो. आमच्या पोटातली आग ब्रह्मात विझवायचा हा जुनाच धंदा.

मग मुंबईत खोली शोधत होतो. मालकानं आडनाव विचारलं. मी भलतंच सांगितलं. खोली मिळाली, झोप गेली. सभेत मुठी आवळून घोषणा देणारा मी, अन् चार भिंतींसाठी बापाचं नाव गिळून बसलो. मालकाला शिव्या द्यायलाच हव्यात. पण भ्यालं कोण? मीच ना? तेव्हा मुंगी आठवली. मला तिथं ब्रह्म दिसलं नाही. डोक्यावर तळपणारी माझी भीती दिसली. तिच्याकडं डोळे वर करून बघवत नाही. नाव गिळणं सोपं असतं. गिळायची असते ती भीती.

कुणी म्हणेल, आतला लढा ही पळवाट. मग मोर्चे कशाला? प्रश्न खरा आहे. उत्तर महाडला आहे. चवदार तळं खुलं करायचा नगरपालिकेचा ठराव 1924 चा. तो कागदावरच राहिला. सवर्णांची दहशत बाहेर होती अन् तिची सावली आपल्या माणसांच्या आत. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब ते पाणी प्याले, मागोमाग हजारो प्याले. त्या एका ओंजळीनं दोन्हींवर घाव घातला. आतला अन् बाहेरचा लढा तिथं वेगळा काढता येत नाही.

नंतर सवर्णांनी शेण-गोमूत्र घालून तळं 'शुद्ध' केलं. आता सांगा, निरर्थक काय? मुंगीनं सूर्य गिळणं, की शेणानं पाणी शुद्ध होणं? कविता निदान हसत उलटं बोलते. धर्मशास्त्र गंभीर तोंडानं उलटं बोललं, अन् पिढ्यान् पिढ्या तोच अर्थ ठरला.

मग देव सोडलेल्यानं संतांची मुंगी ठेवावी का? बाबासाहेबांनी बुद्ध, फुले यांच्यासोबत कबीराला गुरू मानलं. अन् कबीराच्या उलटबांसी असल्याच उफराट्या. हर्ण्याजवळच्या दापोलीत राहिलेले सुभेदार रामजी कबीरपंथीच होते. कविता ठेवावी, तिचा अर्थ सांगायचा मक्ता मात्र कुणाला देऊ नये.

परवा दारावर खऱ्या आडनावाची पाटी लावली. खोली राहील की जाईल, ठाऊक नाही. खिळा ठोकताना हात कापत होता. तरी ठोकला.

जय भीम.